डार्क पॅटर्न : एका संशोधकाने दिलेला शब्द भारताच्या नियमांत पोहोचला, मग सबस्क्रिप्शन बंद करणं अजून अवघड का?

विमानाचं तिकीट ऑनलाइन काढताना शेवटी विम्याचा पर्याय येतो. तो नको असेल तर दाबायच्या बटणावर साधं 'नको' लिहिलेलं नसतं. 'मी असुरक्षित राहीन' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असतं. म्हणजे दोन-तीनशे रुपये वाचवायचे तर आधी स्वतःच्या निष्काळजीपणाची कबुली द्यायची.

हे उदाहरण कुठल्या मीममधलं नाही, सरकारी कागदातलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, म्हणजे सीसीपीएने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ते दिलंय. तिथे या प्रकाराला 'कन्फर्म शेमिंग' असं नाव आहे. अशा एकूण १३ प्रकारांना या नियमांनी मनाई केली आहे. या सगळ्यांचं मिळून एक नाव आहे, 'डार्क पॅटर्न'.

हा शब्द कुठल्या वकिलाचा किंवा मंत्र्याचा नाही. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश संशोधकाने तो २०१० मध्ये वापरात आणला. त्यांचा अभ्यासविषय माणूस आणि संगणक यांच्यातला व्यवहार. इंग्रजीत त्याला ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन म्हणतात, थोडक्यात एचसीआय.

एका संशोधकाच्या ब्लॉगवजा वेबसाइटपासून भारत सरकारच्या अधिसूचनेपर्यंत हा शब्द १३ वर्षांत पोहोचला. संशोधकासाठी याहून मोठं यश कुठलं? पण याच प्रवासातून एक अडचणीचा प्रश्नही समोर येतो. फसवणुकीला नाव मिळालं, नियम आले, तरी ती थांबत का नाही?

एचसीआय म्हणजे नेमकं काय?

संगणकाचा माउस, मोबाइलवरचं झूम करणं, एटीएममध्ये पैशांआधी कार्ड परत देणं. या सगळ्यामागे कुणीतरी विचार केलेला असतो की माणूस इथे कसा वागेल, कुठे चुकेल, काय विसरेल. हा विचार शास्त्रशुद्ध पद्धतीने करणं म्हणजे एचसीआय. त्यात मानसशास्त्र आहे, संगणकशास्त्र आहे आणि डिझाइनही आहे.

१९६८ मध्ये डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका परिषदेत माउस चालवून दाखवला, ती या क्षेत्रातली गाजलेली घटना. १९९० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ डॉन नॉर्मन ॲपल कंपनीत गेले आणि त्यांनी आपल्या पदाच्या नावात 'युजर एक्स्पीरियन्स' हे शब्द घेतले. आज नोकरीच्या जाहिरातींत दिसणारं 'यूएक्स' ते हेच.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर 'स्वरचक्र' कीबोर्ड बघा. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने तो तयार केला. मराठी टाइप करताना 'क' वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती का, कि, की, कु अशी बाराखडी गोल उघडते. बाराखडी आपल्याला शाळेपासून पाठ असते. त्या सवयीलाच कीबोर्डचा आधार बनवलं. माणसाचा अभ्यास माणसाच्या सोयीसाठी, असं हे काम.

पण हेच ज्ञान उलटंही वापरता येतं. ते कसं, हे समजायला एक जुना अभ्यास उपयोगी पडतो.

२००३ मध्ये एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या दोन संशोधकांनी युरोपातल्या अवयवदानाची आकडेवारी मांडली. जर्मनीत दाता व्हायला स्वतःहून होकार नोंदवावा लागायचा. तिथे होकाराचं प्रमाण १२ टक्के होतं. शेजारच्या ऑस्ट्रियात नकार नोंदवला नाही तर होकार धरला जायचा. तिथे ते ९९ टक्क्यांच्या वर होतं. दोन शेजारी देशांच्या दानतीत एवढं अंतर नसतं. फरक मुख्यतः फॉर्मचा होता.

माणूस समोर आधीच ठरवून ठेवलेला पर्याय सहसा बदलत नाही. हे कळलं की त्यातून अवयवदानही वाढवता येतं आणि कार्टमध्ये गुपचूप ९९ रुपयांची 'प्रोटेक्शन फी'ही घालता येते.

ब्रिग्नल यांची सुरुवात कुठून झाली?

गंमत बघा. डार्क पॅटर्नवर बोट ठेवणाऱ्या माणसाचं सुरुवातीचं संशोधन लोकांना स्क्रीनकडे ओढायचं कसं, यावर होतं.

ब्रिग्नल तेव्हा इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात पीएचडी करत होते. एचसीआय क्षेत्रातल्या नामवंत संशोधक इव्हॉन रॉजर्स यांच्यासोबत त्यांनी २००३ मध्ये एक शोधनिबंध सादर केला. त्यासाठी त्यांनी 'ओपिनियनायझर' नावाची यंत्रणा बनवली होती. समारंभात एक मोठा पडदा ठेवायचा आणि लोकांनी आपलं मत टाइप करून त्यावर झळकवायचं, अशी ही कल्पना.

लोक सुरुवातीला पडद्याजवळ जायला बिचकतात, कारण चारचौघांत हसं होण्याची भीती असते. पण दोन-चार जण तिथे उभे राहिले की त्यांना बघून बाकीचे येतात. ब्रिग्नल आणि रॉजर्स यांनी याला 'हनीपॉट इफेक्ट' म्हटलं. जत्रेत ज्या स्टॉलवर गर्दी, तिथेच आणखी गर्दी का होते, ते आपण सगळे जाणतो. त्यांनी ते स्क्रीनबाबत नोंदवलं.

'आत्ता ४३ जण हे हॉटेल बघत आहेत' ही ओळ आठवा. गर्दी बघून माणूस ओढला जातो, याच स्वभावावर ती बेतलेली आहे. आकडा खरा असेल तर ती माहिती. आकडा कॉम्प्युटरने मनाने टाकलेला असेल तर ती फसवणूक.

'डार्क पॅटर्न' हे नाव का चाललं?

पीएचडीनंतर ब्रिग्नल विद्यापीठात न थांबता यूएक्सच्या व्यवसायात गेले. एचसीआय शिकलेल्या बहुतेकांचा रस्ता असाच असतो. कंपन्यांना ॲप सोपं करून हवं असतं आणि हे लोक ते करून देतात.

डिझाइनमध्ये 'पॅटर्न' म्हणजे नेहमीच्या अडचणीवरचा तयार तोडगा. उजव्या कोपऱ्यात कार्टचं चिन्ह, हा एक पॅटर्न. काही डिझाइन चुकून वाईट होतात, त्यांनाही वेगळं नाव होतं. ब्रिग्नल यांच्या लक्षात आलं की तिसराही एक प्रकार आहे. त्यात डिझाइन चुकलेलं नसतं. ते अतिशय काळजीपूर्वक केलेलं असतं, फक्त ग्राहकाच्या विरोधात.

२०१० मध्ये त्यांनी एक वेबसाइट काढली, अशा प्रकारांची यादी केली आणि लोकांकडून स्क्रीनशॉट मागवले. आत जाणं सोपं पण बाहेर पडणं अवघड, याला 'रोच मोटेल'. फुकट चाचणी संपल्यावर न सांगता पैसे कापणं, याला 'फोर्स्ड कंटिन्युइटी'. शेवटच्या पानावर अचानक वाढलेली रक्कम, याला 'हिडन कॉस्ट'.

नाव मिळाल्याचा मोठा फायदा झाला. त्याआधी ग्राहकाला वाटायचं, 'माझंच लक्ष नव्हतं.' नाव मिळाल्यावर त्याला म्हणता आलं, 'हे माझ्यासोबत केलं गेलंय.' दोष वापरणाऱ्याकडून बनवणाऱ्याकडे सरकला.

पुरावे कसे जमा झाले?

नाव लोकप्रिय झालं तरी नियम करायला आकडे लागतात. ते काम नंतरच्या संशोधकांनी केलं. त्यातले दोन अभ्यास महत्त्वाचे आहेत.

पहिला २०१९ चा. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे अरुणेश माथुर आणि सहकाऱ्यांनी सुमारे ११ हजार शॉपिंग वेबसाइट्स सॉफ्टवेअर लावून तपासल्या. त्यांना १,२५४ साइट्सवर डार्क पॅटर्नची १,८१८ उदाहरणं सापडली. म्हणजे साधारण दर ९ साइट्समागे एक. शिवाय असे पॅटर्न तयार करून विकणाऱ्या २२ कंपन्याही आढळल्या. म्हणजे 'फक्त २ शिल्लक' ही पाटीसुद्धा बाजारात रेडिमेड मिळते.

दुसरा २०२१ चा. जेमी लुगुरी आणि लिओर स्ट्राहिलेविट्झ यांनी लोकांसमोर ओळखचोरीपासून संरक्षण देणारी एक सशुल्क सेवा ठेवली. साध्या स्क्रीनवर ११.३ टक्के लोकांनी ती घेतली. सौम्य डार्क पॅटर्न लावल्यावर २५.८ टक्क्यांनी घेतली. आक्रमक पॅटर्न लावल्यावर हा आकडा ४१.९ टक्के झाला.

यातली खरी मेख पुढे आहे. आक्रमक प्रकाराने लोक चिडले, सौम्य प्रकाराने तेवढे चिडलेच नाहीत. शिवाय कमी शिकलेले लोक सौम्य प्रकाराला जास्त बळी पडले. कंपनीच्या नजरेने बघा. गिऱ्हाईक दुपटीने वाढतं आणि कुणी बोंबही मारत नाही. मग कंपनी हे का सोडेल?

कंपन्यांना दंड कधी बसला?

२०१५ मध्ये लिंक्डइनने एका सामूहिक दाव्यात १ कोटी ३० लाख डॉलर देण्याची तडजोड केली. वापरकर्त्यांच्या नावाने त्यांच्या ओळखीच्या लोकांना पुन्हा पुन्हा ईमेल जात होते, असा तो वाद होता.

डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट' गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसीने धरलं. गेम लोड होत असताना किंवा एखादी वस्तू नुसती बघताना एक बटण दाबलं तरी पैसे कापले जात होते, असा आरोप होता. एकूण ५२ कोटी डॉलरच्या तडजोडीपैकी २४.५ कोटी डॉलर ग्राहकांना परत देण्यासाठी होते.

मग आलं ॲमेझॉन प्राइमचं प्रकरण. जून २०२३ मध्ये एफटीसीने दावा केला. प्राइम बंद करायचं तर ४ पानं, ६ क्लिक आणि १५ पर्याय पार करावे लागत होते, असं त्यात म्हटलं होतं. कंपनीच्या आत या प्रक्रियेला 'इलियड' म्हणत, हेही त्यात होतं. इलियड म्हणजे ट्रॉयच्या लांबलचक युद्धावरचं ग्रीक महाकाव्य. सप्टेंबर २०२५ मध्ये हे प्रकरण २५० कोटी डॉलरवर मिटलं. त्यातले १०० कोटी दंड आणि १५० कोटी ग्राहकांच्या परताव्यासाठी. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण प्राइम नाकारण्याचं स्पष्ट बटण देणं तिला बंधनकारक झालं. 'नको, मला मोफत डिलिव्हरी नको' असं लिहिलेलं बटण आता ठेवता येणार नाही.

या काळात ब्रिग्नल यांच्या कामाचंही स्वरूप बदललं. ते अशा खटल्यांत तज्ज्ञ साक्षीदार म्हणून काम करू लागले. वजन कमी करण्याच्या 'नूम' या ॲपवर आपोआप रिन्यू होणाऱ्या सबस्क्रिप्शनवरून सामूहिक दावा झाला होता. तो २०२२ मध्ये मिटला तेव्हा कंपनीने ५ कोटी ६० लाख डॉलर रोख देण्याचं मान्य केलं. त्यात ब्रिग्नल तज्ज्ञ म्हणून होते. विद्यापीठ, मग कंपन्या, मग कोर्ट. स्क्रीनवरचं बटण कुठे ठेवलं, कुठल्या रंगात ठेवलं, हा आता पुराव्याचा भाग झाला होता.

२०२३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. तोवर त्यांनी 'डार्क' हा शब्द सोडून 'डिसेप्टिव्ह पॅटर्न', म्हणजे फसवे पॅटर्न, असं म्हणायला सुरुवात केली होती. काळं म्हणजे वाईट, हा अर्थ आपल्या शब्दातून पसरू नये, हे त्यामागचं कारण. जगभरच्या कायद्यांत मात्र जुनाच शब्द रुजला.

भारताने काय केलं?

सीसीपीएचे १३ प्रकार साध्या भाषेत असे आहेत. खोटी घाई लावणं, न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, नको ते करायला भाग पाडणं, सबस्क्रिप्शनमध्ये अडकवणं, स्क्रीनवर हवं ते बटण दडवणं, एक दाखवून दुसरं देणं, किंमत टप्प्याटप्प्याने वाढवणं, जाहिरात बातमीसारखी दाखवणं, सतत भुणभुण करणं, गोंधळात टाकणारा प्रश्न विचारणं, सॉफ्टवेअर सेवेचे पैसे गुपचूप कापत राहणं आणि खोटा इशारा देऊन मालवेअर गळ्यात मारणं.

यादी चांगली आहे. भारतात वस्तू किंवा सेवा देणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मना, जाहिरातदारांना आणि विक्रेत्यांना ती लागू आहे. ब्रिग्नल यांनी १३ वर्षांपूर्वी लिहिलेल्या कल्पना तिच्यात सहज ओळखू येतात.

पुढे काय झालं? जून २०२५ मध्ये सरकारने ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं की ३ महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की २६ प्लॅटफॉर्मनी आमच्याकडे डार्क पॅटर्न नाहीत, असं स्वतःहून लिहून दिलंय. किराणा, जेवण, कपडे, औषधं, प्रवास अशा क्षेत्रांतल्या मोठ्या कंपन्या त्यात आहेत.

म्हणजे परीक्षार्थीनेच पेपर तपासून मार्क कळवायचे.

मार्गदर्शक तत्त्वांमध्ये दंडाचा वेगळा तक्ता नाही. कारवाई ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालीच करावी लागते. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाख आणि पुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ज्या कंपनीचे ग्राहक कोटींमध्ये आहेत, तिला माणशी ५ रुपये जास्त कापून ही रक्कम एका दिवसात भरून काढता येईल.

स्वतःची तपासणी पुरेशी का नाही?

याचं उत्तर ब्रिग्नल यांच्याच अनुभवात आहे. सुरुवातीला त्यांचा भर नाव घेऊन लाज आणण्यावर होता. डिझायनर शिकतील, कंपन्या ओशाळतील, ग्राहक शहाणे होतील, अशी अपेक्षा होती. पुस्तकात त्यांनी या उपायांचा हिशोब मांडलाय. डिझायनरचं प्रशिक्षण, आचारसंहिता, जाहीर नालस्ती, उद्योगाने स्वतःला लावलेले नियम, यांतलं काहीच एकट्याने पुरलं नाही. पैसा मिळत राहतो तोवर लाज पुरत नाही.

कंपनीतल्या एचसीआयवाल्याची अडचणही समजून घ्या. आज बहुतेक बदल 'ए-बी टेस्ट' करून ठरतात. अर्ध्या ग्राहकांना एक स्क्रीन, अर्ध्यांना दुसरा. ज्यात विक्री जास्त, तो स्क्रीन जिंकतो. 'कॅन्सल'चं बटण फिकट केल्यावर आकडे सुधारले, तर कुणी 'फसवा' असा आदेश द्यायची गरजच उरत नाही. टेस्टच तो निर्णय घेते. त्या मीटिंगमध्ये एखाद्या पंचविशीतल्या डिझायनरने 'हे बरोबर नाही' म्हणायचं, ही अपेक्षा फार मोठी आहे.

कंपन्यांची बाजूही आहे. किराणा दुकानदार गल्ल्याजवळ चॉकलेट ठेवतो, साडीवाला 'ताई, शेवटचा पीस' म्हणतो. मग ॲपलाच का धरता? हा मुद्दा अगदीच फोल नाही. फरक तीन गोष्टींत पडतो. दुकानदाराचं म्हणणं तुम्ही डोळ्यांनी पडताळू शकता. तो तुमच्यावर एकाच वेळी हजार प्रयोग करत नाही. आणि दुकानातून बाहेर पडायचा दरवाजा तो लपवून ठेवत नाही.

म्हणून सगळ्यात सोपी कसोटी दरवाजाची. आत यायला जितके क्लिक लागले, तितक्याच क्लिकमध्ये बाहेर पडता आलं पाहिजे. अमेरिकेत एफटीसीने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशाच अर्थाचा नियम आणला होता. जुलै २०२५ मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयाने प्रक्रियेतल्या त्रुटीमुळे तो रद्द केला. पण ॲमेझॉनवरची कारवाई वेगळ्या कायद्याखाली होती, त्यामुळे ती टिकली. नियम नुसता असून भागत नाही, तो चालवणारी यंत्रणा लागते, हे यातून दिसतं.

मग भारतात काय व्हायला हवं?

प्रिन्स्टनच्या मूठभर संशोधकांनी सॉफ्टवेअर लावून ११ हजार साइट्स तपासल्या. हे काम भारतातही होऊ शकतं. सरकारने आयआयटी बीएचयूसोबत डार्क पॅटर्न पकडणारी साधनं बनवायची हॅकेथॉन घेतली होती. डिसेंबर २०२४ मध्ये 'जागृती' नावाचं ॲपही आणलं. पाया आहे. पुढची पायरी म्हणजे कंपन्यांनी लिहून दिलेलं बाहेरच्या एचसीआय संशोधकांकडून तपासून घेणं आणि निकाल नाव घेऊन जाहीर करणं. तपासणाऱ्याला कंपनीच्या ए-बी टेस्टचे कागद बघता आले पाहिजेत. ॲमेझॉनचं 'इलियड' लोकांना कळलं ते कंपनीच्या आतलं साहित्य बाहेर आल्यामुळेच.

आणि ही तपासणी मराठी, हिंदीतल्या स्क्रीनचीही व्हावी. दुहेरी नकार असलेलं इंग्रजी वाक्य वाचून टिक करायची की काढायची, हे इंग्रजी शिकलेल्यालाही कळत नाही. ज्याला भाषाच अर्धी कळते, त्याची संमती धरायची कशी?

तोपर्यंत तुमच्या हातात काय आहे? पैसे भरण्याआधी शेवटच्या पानावरची रक्कम पहिल्या पानाशी ताडून बघा. फुकट चाचणी घेतली तर ती संपण्याच्या आदल्या दिवसाचा अलार्म लावा. काही गुपचूप कापलं गेलं तर स्क्रीनशॉट काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करा. रक्कम ४९ रुपयांची असली तरी करा. हा धंदा चालतो तो 'एवढ्यासाठी कोण भांडणार' या एकाच हिशोबावर.